उंबऱ्याबाहेरचा खोकला

सोनाजीनं उभ्या जन्मात बायकोला नावानं हाक मारली नव्हती. पाचोडजवळच्या त्या धनगरवस्तीवर कुणीच मारत नाही म्हणा. गडी माणूस अंगणात आला की खाकरतो, आतली बाई पदर सारखा करते, चुलीवर चहा चढतो, झालं बोलणं. मंजुळाबाईचा सगळा संसार त्या खाकरण्यावर चालला होता.

मेंढरं विकल्यापासून सोनाजी औरंगाबादेत क्रांती चौकाच्या मागं, एका इमारतीच्या कामावर रखवालदार होता. शनिवारच्या एसटीनं यायचा, सोमवारी परत जायचा. तेव्हा वस्तीवर फोन नव्हता. मंजुळाबाई आठवडाभर चार शेळ्यांमागं हिंडायची, पण शनिवारी दुपारपासून तिचे कान फाट्याकडं लागलेले. केस पिकले म्हणून बाईला नवरा हवासा वाटायचा थांबतो थोडाच? ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

दिवाळीनंतर सोनाजीचं खाकरणं लांबत गेलं. आधी अंगणात ऐकू यायचं, मग बाभळीपासून, मग थेट फाट्यावरून. आणि ही बाई खूश! हे आले, म्हणायची आणि तिकडून ऐकू येताच चहाचं भगुनं चढवायची. सोनाजी घरात येईस्तोवर चहा उकळलेला असायचा.

त्याची बंडी अंगावर ढिली झाली, तर तिनं बाजूनं टीप मारून दिली. संध्याकाळी त्याचं अंग तापायचं.

"सिमिटाची धूळ हाय, जाईल," सोनाजी म्हणायचा. "अंगाचं म्हनशील तर उन्हातून आलोय."

तिनं मान डोलावली. दोनच दिवसांचा नवरा, त्यात दुखण्याचं कुठं काढत बसायचं?

संक्रांतीच्या सुमाराला तिची एक शेळी बसल्या जागी ढासायला लागली. मंजुळाबाई मेंढक्याचीच लेक. जनावर चालताना ढासलं तर धूळ, बसल्या जागी ढासत राहिलं तर दुखणं, हे तिच्या बापानं तिला लहानपणीच शिकवलेलं. तिनं लगोलग शेळी वेगळी बांधली आणि दुसऱ्या दिवशी दोरीला धरून पाचोडला जनावरांच्या दवाखान्यात नेली. परत आली तर थोरली जाऊ आक्काबाई ओट्यावर बसलेली.

"शेळीला लई लवकर दवाखाना घावला गं," आक्काबाई म्हणाली. "भावजी दिवाळीपासून बसल्या जागी ढासत्यात. त्यास्नी कोन नेनार?"

मंजुळाबाईला असा राग आला की बस. हिला काय पडलंय आमच्या घरात नाक खुपसायचं? तणतणत ती आत गेली, चुलीपुढं बसली आणि समोर चहाचं भगुनं दिसलं. जे ऐकून शेळी वेगळी बांधली, तेच ऐकून आपण चहा ठेवत होतो. फाट्यावरनं ऐकू येणारं नवऱ्याचं दुखणं आपण आवडीनं ऐकत होतो. ती पदरात तोंड घालून रडली.

त्या सोमवारी तिनं सोनाजीला एसटीत बसू दिलं नाही.

"खाडा झाला तर कामावरनं काढतील."

"काढू द्या. आधी दवाखाना."

सरकारी दवाखान्यातल्या बाई डॉक्टरांनी थुंकी तपासायला घेतली, छातीचा फोटो काढायला लावला. क्षय निघाला. छातीत पाणीही झालेलं.

"दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की यायचं, आजी," त्या म्हणाल्या. "त्यात संध्याकाळी ताप, अंगावरचं उतरलेलं. रक्त पडलं तर दिवस मोजायचेच नाहीत. आता औषधं मधेच सोडू नका. बरे होतील."

पाणी काढायला त्याला औरंगाबादेला भरती केलं. तिथं त्यांची लेक दिलेली होती, दवाखान्याजवळच राहायची, पुढची औषधंही तिच्याकडं राहूनच चालली. शेळ्या टाकून मंजुळाबाई जाणार कशी? लेकीचा निरोप यायचा, बरं हाय म्हणून. निरोपानं पोट भरतं काय?

शनिवार मात्र यायचाच. एसटी फाट्यावर थांबायची, निघून जायची. कुणीतरी भलताच खोकायचा आणि हिचा हात भगुन्याकडं जायचा. मग स्वतःचीच लाज वाटायची. खोकला नको होता तिला, पण खोकणारा पाहिजे होता, आणि दोन्ही वेगळं करणं तिला जमत नव्हतं. त्याची बंडी तिनं दांडीवरून काढली नाही. बाजूची टीप उसवून ठेवली, परत भरला तर लागेल म्हणून.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी गाडी आली, गेली. तिनं नेमानं कान दिला. काहीच नाही. आजही नाही, असं म्हणत ती चुलीपुढं बसली आणि उगीच राख सारखी करायला लागली.

"मंजुळा."

तिचा हात राखेतच राहिला. ह्या घरात त्या नावानं हाक मारणारं माणूसच नव्हतं. तिनं दाराकडं पाहिलं. उंबऱ्याबाहेर पिशवी घेऊन सोनाजी उभा होता. गालाला मांस धरलेलं, आणि हाक मारून स्वतःच ओशाळलेला.

"खाकरनार व्हतो," तो म्हणाला. "म्हनलं, तू भिशील."

मंजुळाबाईनं पदर डोक्यावर घेतला, पार नाकापर्यंत ओढला, कारण डोळे भरले होते. मग तोंड चुलीकडं फिरवून ती म्हणाली, "आनिक एकडाव म्हना. मंग च्या ठिवते."