ऐच्छिक भोंगा

भोंगा रीनाच्या समोर टेबलावर पडला होता. त्याची वायर तिनेच सोडवली होती. आणि पडद्यावर लिहून आलं होतं, 'भोंगा : आहे.'

खुर्सीपार वस्तीच्या पलीकडच्या त्या छोट्या कारखान्यात तळघरातल्या पंपांपाशी कधीमधी विषारी गॅस साचे. तो वाढला की भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम रीनाने घरी लॅपटॉपवर लिहिला होता. इथल्या कॉम्प्युटरवर तो नव्याने बांधायचा, म्हणजे इथे चालेल असा तयार करून घ्यायचा होता. बांधण्याआधी एक तपासणी चाले. ती एक इवलासा प्रोग्रॅम लिहून चालवी, म्हणजे भोंगा वाजवून बघी, जणू दारात उभं राहून त्याला हाक मारी. ओ आली तर 'आहे', नाही तर 'नाही'. मग तो इवलासा प्रोग्रॅम पुसून टाकी.

भोंगा रीनाने ऐच्छिक, म्हणजे नसला तरी चालेल असा ठेवला होता, तीच चूक झाली. सकाळी इथे तपासणीला भोंगा सापडला नाही आणि प्रोग्रॅम त्याच्याशिवायच मुकाट बांधला गेला. कुरकुर नाही की सूचना नाही. जेवणानंतर पंप उघडायला तळघरात उतरणार होते तिचे बाबा, बाबुलाल. तिने भोंगा सक्तीचा केला आणि खात्री करायला वायर काढली. आता बांधणी अडायलाच हवी होती.

अडली नाही. 'आहे.'

तिने तपासणीचे जुने निकाल पुसले. पुन्हा 'आहे'. शेवटी तो इवलासा प्रोग्रॅम तिने स्वतःच्या हाताने चालवला. खोलीत जराही आवाज झाला नाही. प्रोग्रॅम म्हणाला, वाजला.

तेवढ्यात तळघराच्या जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. बाबा वर आले, मागून त्यांचा जोडीदार धर्मेंद्र.

"दीदी, कान फाड़ दिया तुम्हारे भोंगे ने!" धर्मेंद्र धापा टाकत हसला.

"बाबा, तुम्ही खाली कावून गेले होते?"

"म्हटलं, जेवणाआधी नट ढिले करून ठेवू. भोंगा वाजला, तसे पळालो. बेस केला वो बाई तू."

रीना बाबांकडे बघतच राहिली. रोलिंग मिलमध्ये त्यांचे कान कधीच गेले होते. घरी कुकरची शिट्टी झाली तरी त्यांना खांद्याला हात लावून सांगावं लागे.

तिने कॉम्प्युटरची पिन उपसली. मग जिन्यावरचं लोखंडी झाकण ओढून घेतलं आणि त्याला कुलूप घातलं.

"आज कोणी उतरायचं नाही."

"अन् मालकाले काय सांगू?"

"सांगा, भोंगा सापडला नाही."

बाबांनी दोन्ही कानांवर हात दाबले. कपाळाला आठ्या पडल्या.

"सापडला नाही? मंग बंद कर ना बाई आता," ते मोठ्याने ओरडले, गोंगाटात ओरडावं तसं. "कवापासून वाजून राहिला!"