उजवा कौल

"आईक आज मोतिया साडी नेसव गो. तुझ्या घोवाचो कौल आसा," असं म्हणून देवीचे पुजारी नाना मोरीत आंघोळीला शिरले.

सुमतीने देवीपुढे हात जोडले. नायगावच्या चाळीतली ही खोली तशी नानांची, पण शुक्रवारी ती देवीची व्हायची. दुपारची चाळ पेंगत होती. धुपाच्या धुरात पितळी मुखवटा हलल्यासारखा वाटे. हिंदमाताच्या दुकानात साड्यांना फॉल लावणारी सुमती कित्येक वर्षं देवीला साडी नेसवत होती. निऱ्या खोचताना तिला वाटायचं, आईने हळूच पोट आत घेतलं.

तिच्या नवऱ्याची, गुरुदत्तची, हृदयाची झडप निकामी झाली होती. परळच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणत होते, आता थांबू नका. तो मात्र हटून बसला होता. "आईचा उजवा कौल मिळू दे, मग कापा मला."

देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या फुलपाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार. दोनदा कौल लावला, दोन्ही वेळा डावीच आधी पडली. नानांनी ऑपरेशनऐवजी दर शुक्रवारी ओटी आणि अंगारा सांगितला. ओट्या चालू होत्या, गुरुदत्तच्या पायांची सूज वाढत होती.

पदर सारखा करताना सुमतीच्या बोटांना देवीच्या उजव्या खांद्यावर काहीतरी कडक लागलं. तिने नखाने खरवडलं. वाळलेला डिंक! पाकळ्या भिजवायच्या दोन वाट्या समोरच होत्या. देवीच्या उजवीकडच्या वाटीत तिने बोट बुडवलं, ते अंगठ्याला चिकटलं. डावीकडे साधं पाणी.

तिला नानांचा राग नंतर आला. आधी आली ती देवीची कीव.

"आई, तुझ्या अंगावर हे करतात, आणि तू गप्प?"

मुखवटा हसत राहिला. तो घडवलाच होता हसरा. मोरीतलं पाणी थांबलं, तशी सुमतीने वाट्यांची अदलाबदल केली.

संध्याकाळी नानांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या. खोलीत जमलेल्या बायका पुढे सरकल्या. पाकळी सुटली आणि तरंगत खाली आली.

"उजवी! वहिनी, उजवी पडली!" शेजारची प्रिती ओरडली.

नानांनी वाट्यांकडे पाहिलं, मग सुमतीकडे. सुमतीने नजर हलवली नाही. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

"आईची इच्छा," ते शेवटी पुटपुटले.

इस्पितळात गुरुदत्तने तिचा हात धरला. "आई हो म्हणाली? तू स्वतः बघितलंस?"

"अहो, माझ्यासमोरच पडली पाकळी."

तो लहान मुलासारखा हसला आणि त्याने ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही केली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं. बाकावर शेजारी एक म्हातारी जप करत होती. "हात जोड गं बाई, तुझ्या देवाला सांग," ती म्हणाली.

सुमतीने सवयीने हात जोडले, डोळे मिटले. आईचा चेहरा डोळ्यांसमोर येईना. दोन वाट्या तेवढ्या दिसत राहिल्या. होकार आपणच दिला होता, आता मागायचं कुणाकडे? इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं.

तिने जोडलेले हात सोडले. पिशवीतून दुकानातली अर्धवट राहिलेली साडी काढली, सुई ओवली, आणि दाराकडे पाठ न करता फॉलला बारीक टाके घालत बसली.