आईची सीट

दादाने गाडीची सीट मागे सरकवली होती. मला फाटकातूनच दिसलं आणि माझं डोकं सणकलं.

आमची आई जेमतेम पाच फूट. बावीस वर्षं ही गाडी तिनेच चालवली, सीट बरीच पुढे ओढून, नाक जवळजवळ काचेला टेकवून. ती गेल्यापासून बाबा चालवायला लागले. बाबा सहा फुटांचे, पण सीट त्यांनी तसूभरही हलवली नाही. तीन वर्षं हा माणूस स्टिअरिंगला गुडघे घासत, अंग चोरून गाडी हाकत होता. त्या सीटला हात लावायचा नाही, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. गॅरेजवाल्यालासुद्धा.

आता बाबांची नजर अधू झाली, म्हणून गाडी विकली. घेणारा दुपारी न्यायला येणार, तर या शहाण्याची त्याआधीच घाई!

"काही लाज आहे का रे?" मी दादावर तुटूनच पडले. "बाबांना शेवटचं एकदा बसू द्यायचंस तिच्या जागी. तिचे कपडे वाटून टाकतानाही तू असाच घाईत होतास!"

दादा फडक्याने हात पुसत राहिला. ते मला आणखीच झोंबलं. सीट पुढे घ्यायला मी वाकून कडी ओढली. पण किती पुढे? कितव्या खाचेत होती ती? मला सांगता येईना.

"राहू दे," मागून बाबा म्हणाले. "मीच सांगितलं त्याला."

"तुम्ही?"

"तो माणूस येऊन खसकन मागे ओढणार. मला नसतं बघवलं. सकाळी मीच करायला गेलो, पण हात उठेना. म्हणून याला बोलावलं. कडी गंजलेली, तासभर तेल घालत बसला होता. मध्ये दोनदा तोंड धुवायला आत जाऊन आला."

"मग मला का नाही बोलावलंत?"

"तू हलवू दिली नसतीस."

खरं होतं, म्हणूनच जास्त राग आला.

घेणारा आला. चांगला उंचापुरा. ऐसपैस पाय पसरून बसला, "जागा मस्त आहे हो," म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. मला त्याचाही राग आला, बाबांचाही. दादा अजून तिथेच उभा होता, बोटांना तेल तसंच. मी त्याच्या हातातलं फडकं हिसकावून घेतलं आणि त्याची बोटं पुसायला लागले, जरा जोरातच.