गाठ न मारलेला दोरा

मी एक जुना किमोनो आहे. म्हणजे होतो. आता माझा हातभर तुकडा तेवढा उरला आहे, चार पदर एकावर एक टाचलेला, मोरीजवळच्या खिळ्याला टांगलेला. जमीन पुसतात, पिळतात, पुन्हा टांगतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सेवा घडते आहे तोवर देह देवाचाच. पण मित्रांनो, मला स्वस्थ टांगून राहता येत नाही. दार उघडून वारा आला, की मी खिळ्यावर झुलू लागतो, भिंतीला थापट्या देऊ लागतो. परवापासून तर जास्तच. परवा घरातली नात मिहो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, हे फडकं टाकून देऊ का? किती विटलंय." आजीने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

तेव्हापासून जीव टांगणीला लागला आहे. जायचं तर जाईन, पण माझ्या अंगावरचा तो पट्टा कुणी तरी नीट पाहावा, एवढीच इच्छा आहे. सगळीकडे धुऊन धुऊन फिकटलेला निळा, आणि मधेच चार बोटं रुंदीचा गडद निळा. तो कुठून आला ते सांगतो.

आमचं गाव डोंगरात, चार महिने बर्फाखाली. गेन्पेई तिथे रानात कोळसा पाडायचा. त्याची बायको हात्सु, आणि त्यांची एकुलती एक सुमिए, तेव्हा पाच वर्षांची. हात्सुने माहेरून आणलेला स्वतःचा किमोनो उसवला, धुतला, खळ लावून लांब फळ्यांवर ताणून वाळवला, आणि त्यातून मला बेतलं. बेतलं ते मात्र भलतंच मोठं. शेजारची तात्सु आजी येऊन बघते तर काय, पाच वर्षांच्या पोरीला दहा वर्षांच्या मापाचा किमोनो.

"अगं हात्सु, चिमणीला घारीचे पंख लावतेस की काय?"

"दुमडून घेते ना, आजी. वाढेल तशी उसवत जायची."

तसंच तिने केलं. दोन्ही खांद्यांवर चार चार बोटं कापड आत दुमडून टाचलं, कमरेवर आणखी मोठी दुमड घातली. पोर वाढली की खांद्याची सोडायची, मग कमरेची. आमच्याकडे सगळ्या आया असंच शिवतात. शिवताना हात्सुला खोकला येई. खोकल्याची उबळ आली की ती सुई माझ्यात खोचून ठेवी, उबळ गेली की पुन्हा तिथूनच पुढे. तिच्या हाताला घाई होती. मला वाटायचं, सणाआधी संपवायची घाई असेल. कापडाला काय कळतं?

मी तयार झालो. सुमिए मला घालून अंगणभर गिरक्या घेत फिरली. आणि दुसऱ्या वर्षी, बर्फ वितळायला लागलं तेव्हा, हात्सु गेली. तिने घातलेली एकही दुमड तिच्या हातून सुटली नाही.

त्यानंतर सुमिएने मला सोडलं नाही. मला धुऊन वाळत घातलं, की काठीखाली बसून राहायची. दोन वर्षांत ती चांगली वीतभर वाढली. बाह्या मनगटांच्या वर चढल्या, घोटे उघडे पडले. माझ्या पोटात चार चार बोटं कापड बंद होतं, बाहेर यायला तळमळत होतं, आणि बाहेर पोरीची मनगटं थंडीने उलत होती. मित्रांनो, घरात धान्य असून लेकरू उपाशी निजावं, तसं ते दुःख.

गेन्पेईने दुसरं लग्न केलं. नवी बायको योने, पलीकडच्या खोऱ्यातली, कमी बोलणारी, हाताला कायम काहीतरी काम लागणारी. चौथ्या दिवशी तिने मला हातात घेतलं, खांद्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "यात कापड आहे की. आजच सोडते."

सुमिएने मला तिच्या हातातून ओढून घेतलं.

"हात नाही लावायचा."

"अगं, आखूड झालाय."

"ते टाके आईचे आहेत. ते उसवलेत ना, तर मी जेवणार नाही."

गेन्पेई ओरडणार होता. योने त्याला म्हणाली, "राहू द्या. थंडीला अजून वेळ आहे."

वेळ तो किती असणार? पानं गळली, पहिलं बर्फ पडलं. योनेने आपल्या लग्नातल्या किमोनोतून सुमिएसाठी नवा किमोनो शिवला, आत कापूस भरला, गळ्याला लाल पट्टी लावली. सुमिएने तो घडी करून पेटीत ठेवला, वाकून "आभारी आहे, योने मावशी" म्हणाली, आणि पुन्हा मलाच अंगात घातलं. योने घडीवरून हात फिरवून उठली आणि लाकडं फोडायला गेली. त्या दिवशी तिने गरजेच्या दुप्पट लाकडं फोडली.

हिवाळ्यात आमच्या देवळात सप्ताह बसे. सात दिवस प्रवचन, आणि आमचे महाराज प्रवचन गाऊन सांगत. साधं बोलता बोलता त्यांचा सूर कधी चढायचा ते कळायचं नाही. मग सगळं देऊळ "नामू अमिदा बुत्सु", म्हणजे अमिदा बुद्धाला शरण, असं म्हणून उसासे टाकी, आणि म्हाताऱ्या बाया पदराने, म्हणजे बाहीने, डोळे पुसत. मला ते दिवस फार आवडत. इतक्या बाह्या एका वेळी ओल्या होताना दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार?

त्या वर्षी महाराजांनी अमिदा माउलीचं आख्यान लावलं होतं. हात पसरून त्यांनी गायलं:

"हाक लेकराची निघण्याआधी
माउली निघाली घरातून..."

सुमिए खाली मान घालून ऐकत होती आणि माझी बाही ओढत होती. ओढायची, बाही यायची नाही, पुन्हा ओढायची. मधल्या वेळात चहा फिरला. तात्सु आजीने तिचा हात धरून सगळ्यांपुढे केला.

"बघा गं मनगटं पोरीची. भेगांतून रक्त यायला लागलंय." मग योनेकडे न बघता, पण योनेला ऐकू जाईल असं, "आमच्या वेळच्या सावत्र आया निदान चारचौघांत दाखवायला तरी शिवायच्या हो."

दोघी-तिघी हसल्या. एकीने जीभ चावली. योनेने किटली उचलली.

"चहा घ्या, आजी. गार होतोय."

एवढंच. सुमिएच्या छातीतली धडधड मला कळत होती, मी तिच्या अंगावरच होतो ना. पुढचं प्रवचन तिने ऐकलं नाही. परतताना बर्फातल्या पायवाटेवर ती योनेच्या मागे चालत होती. निम्म्या वाटेत तिने विचारलं, "तुम्ही नवा शिवलाय, ते का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर आजीने तुला विचारलं असतं, मग घालत का नाहीस?"

"मग?"

"मग तुला चारचौघांत आईचं नाव काढून रडावं लागलं असतं. पाय जपून टाक, तिथे खड्डा आहे."

घरी आल्यावर सुमिएने डोक्यावरची गवती टोपी काढून उंच खुंटीवर टांगायला दोन्ही हात वर केले. तेवढ्यात माझा उजवा खांदा टर्रकन गेला. बाही जिथे अंगाला जोडलेली असते, तिथली शिवण वीतभर फाटली.

ती तशीच उभी राहिली, हात वर, तोंड उघडं. मग खाली बसली.

"आईची शिवण फाटली."

मित्रांनो, मला त्या वेळी लाजेने विरून जावंसं वाटलं. पण मी तरी काय करणार? आतलं कापड बंद, बाहेर पोर वाढतेय. कुठेतरी ताण जाणारच.

योनेने "मी सांगत नव्हते का?" असं म्हटलं नाही. तिने सुयांची उशी आणली, आगटीजवळ बसली आणि म्हणाली, "काढ. शिवून देते. उसवणार नाही, फाटलेलं फक्त शिवते."

सुमिए तिच्या हातावर नजर ठेवून शेजारी बसली. योने शिवण जुळवू लागली आणि मधेच थांबली.

"सुमी, इकडे बघ. ही बाहीची शिवण तुझ्या आईची. टाके दिसतायत का तुला?"

"नाही."

"दिसणारच नाहीत. तांदळाच्या कणीएवढे आहेत. आणि शेवटी गाठ, तिच्यावर आणखी एक गाठ. ही शिवण तिला कायमची हवी होती." मग तिने खांद्यावरची दुमड पुढे धरली. "आता ही बघ."

सुमिएने पाहिलं. लांब लांब टाके, एकेक बोटाच्या पेराएवढा. नुसता कच्चा धावदोरा.

"इथलं टोक शोध."

सुमिएने शोधलं. पुष्कळ वेळ शोधलं.

"गाठ नाहीये."

"शेवटचा टाका नुसता मागे फिरवून सोडलाय."

"विसरली असेल. बरं नव्हतं तिला."

"विसरणारी होती का तुझी आई?"

सुमिएने टोकावरून बोट फिरवलं. तिची आई कशी होती हे त्या घरात तिलाच सगळ्यांहून जास्त माहीत होतं. हात्सु भांडं पालथं घालायलासुद्धा विसरत नसे.

"दोन्ही खांद्यांना सारखंच आहे," योने म्हणाली. "दोन्हीकडे गाठ नाही. जे पुढे उसवायचं असतं, त्याला बाई गाठ मारत नाही. मी तर तिला ओळखत नव्हते, पण सुई धरणारी बाई होती, एवढं कळतं. मी सोडणार नाही हं. तुला वाटलं तर तू."

आणि तिने डोकं खाली घालून फाटलेला भाग शिवायला घेतला. आगटीवर किटली सूं सूं करत होती. मी मनात म्हणत होतो, ओढ, बाई, ओढ, दोन वर्षं झाली मला घुसमटून.

सुमिएने टोक चिमटीत धरलं. सोडलं. पुन्हा धरलं. मग ओढलं, आणि काय सांगू तुम्हाला, सगळा दोरा एका ओढीत सुळ्ळकन तिच्या हातात आला. कुठे अडला नाही, कुठे तुटला नाही. दुमड उलगडली. आतलं कापड ना उन्हाने पाहिलेलं ना घासाघाशीने, हात्सुच्या हातून जसं आत गेलं होतं तसंच गडद निळं बाहेर आलं. सुमिएने त्याच्यावर गाल टेकला. बराच वेळ टेकला. दुसरा खांदाही तिनेच सोडला.

दुसऱ्या दिवशी देवळात माझ्या बाह्या मनगटांखाली होत्या. तात्सु आजीने तो गडद पट्टा पाहिला आणि नाक मुरडलं. "आत्ता सुचलं होय?" सुमिए म्हणाली, "आजी, मीच सोडू देत नव्हते. आणि नवाही आहे माझ्याकडे, लाल गळ्याचा." आजीच्या हातातला चहा हातातच राहिला. मग आपल्या थैलीतलं सुकवलेलं गोड फळ काढून तिने योनेच्या हातावर ठेवलं आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "खा. दोन जिवांची दिसतेस."

दिसत होतीच. थंडी सरता सरता योने तान्ह्याचे कपडे शिवायला बसली. तान्ह्याच्या अंगरख्याला पाठीत शिवण नसते. शिवणीला डोळे असतात म्हणतात. ती नसली की पाठ आंधळी, मागून काय येईल दिसायचं नाही. म्हणून आया पाठीवर मानेखाली चार टाके घालतात आणि दोऱ्याची शेपटी लोंबती ठेवतात. लेकरू आगटीत पडलं, ओढ्यात पडलं, आणि आई जवळ नसली, तर वरचा कुणीतरी त्या शेपटीला धरून त्याला ओढून काढतो. आमचे महाराज असल्या तोडग्यांना प्रवचनात भरपूर हसत. त्यांच्या नातवाच्या पाठीवर मात्र चांगली वीतभर शेपटी होती.

योने पांढरा दोरा ओवत होती. सुमिए तिच्यासमोर येऊन बसली आणि मूठ उघडली. मुठीत माझ्या खांद्यातून निघालेले दोन निळे दोरे होते. इतके दिवस तिने ते सुयांच्या उशीत जपले होते.

"हा घालू?"

योनेची सुई हवेतच राहिली. "तुला नाही का ठेवायचा?"

"एक मला. एक याला. मी घालते टाके, तुम्ही फक्त धरा."

टाके वाकडे पडले. एक तर पार मानेशी गेला. योनेने एकही सरळ केला नाही. शेवटी सुमिएने विचारलं, "गाठ मारू?" आणि स्वतःच मान हलवून दोरा लोंबता सोडला. तिचा भाऊ शोकिची त्या अंगरख्यात रांगायला शिकला, आगटीभोवती, पाठीवर एका न पाहिलेल्या बाईचा दोरा घेऊन.

माझं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. कमरेची दुमड सुमिएने दहाव्या वर्षी सोडली. मग मला शोकिचीने घातलं, झाडावर अडकवून फाडलं. मग माझं अस्तर झालं, लंगोट झाले, आणि उरलेल्या खांद्याचं सुमिएने हे फडकं टाचलं. टाचताना तिचे हात तिच्या आईसारखे चालत होते. नंतर मला सगळे विसरले. मोरीजवळचं फडकं कोण आठवणीत ठेवतं?

हे सांगतोय तेवढ्यात मिहोने पुन्हा विचारलं, "आजी, टाकू का हे?"

मी खिळ्यावर गच्च झालो.

"टाक की," सुमिए म्हणाली. मग चष्मा पुसत, "पण आधी उसव. बाळाचं शिवायला बसणार आहेस ना तू? दोरा लागेल."

"याचा? आजी, बाजारात रंगीत रिळं मिळतात."

"मिळू देत."

मिहो मला मांडीवर घेऊन बसली आहे. पोट पुढे आलंय तिचं, मला नीट धरता येत नाही. कात्री घेऊन ती कडेकडेने गाठ शोधते आहे. इकडून बघते, तिकडून बघते, मला उलटं करते. गडद पट्ट्यावर तिचं बोट थांबलं आहे.

मित्रांनो, जुनं कापड टाकण्याआधी एकदा उलटं करून पाहा, एवढंच माझं मागणं आहे. आणि लेकरांसाठी शिवाल तेव्हा थोडं कापड आत ठेवा. सोडायला तुम्ही असाल-नसाल, दुसऱ्या कुणाच्या हाताला टोक सापडेल असं ठेवा.

"आजी, शेवटी गाठच नाहीये गं."

"नसणारच," सुमिए म्हणाली. "ओढ."