गवतातले कान

मित्रांनो, ज्याचा पट्टा उंदरांनी खाल्ला आहे आणि ज्याच्या पोटात अजून फिल्म भरावी लागते, असा मी एक जुना कॅमेरा आहे. मारा नदीकाठच्या एका मसाई घरात माझा मुक्काम असतो. माझ्या मालकांचं नाव मात्र विचारू नका. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत.

मालक पाहुण्यांना जीपमधून सफारीला नेत. एका पाहुण्याने निघताना मला त्यांच्या गळ्यात घातलं आणि आमची जोडी जमली. चित्ते, जिराफ, चिखलात लोळणारे पाणघोडे, सगळ्यांना मी टिपलं. लोक तोंड भरून कौतुक करत. पण मालकांचा स्वतःचा फोटो एकही नव्हता. ते कायम माझ्या मागे.

एका दुपारी पाहुणे जीपच्या पलीकडे जेवत होते. मालकांनी मला वारुळावर ठेवलं, आपोआप फोटो निघायची कळ दाबली आणि उंच गवताला पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले. मी टिकटिकू लागलो. एकाएकी पाखरं गप्प झाली. वारा नव्हता, तरी मालकांच्या मागचं गवत हललं. त्यात दोन गोल कान दिसले. खाली गेले. पुन्हा वर आले ते जवळ. मालक माझ्याकडे बघून हसत होते. मित्रांनो, मला डोळा आहे, तोंड नाही. मी टिकटिकतच राहिलो.

पाहुणे धावत आले तोवर सगळं संपलं होतं. सिंहिणीचा घाव पाठीवर होता. मसाई पुरुषाच्या पाठीवर घाव म्हणजे तो पळत होता, असंच सगळ्यांनी धरलं. नावच घ्यायचं नाही, तर बाजू कोण घेणार? त्यांची बायको नोलारी खालमानेने वावरू लागली. मी पत्र्याच्या पेटीत गेलो. तिथल्या काळोखातही मला ते कान दिसत.

वर्षं लोटली. पाणवठ्यावर कोणीतरी त्यांच्या मुलीला, सेनेवाला, 'पळपुट्याची पोर' म्हणालं. ती तणतणत घरी आली आणि तिने पेटी उपसली.

"काका, यात फिल्म आहे. नारोक शहरात चाललायस ना? धुऊन आण."

"त्या डबड्यात काय असणार? उंदरांच्या लेंड्या!" मालकांचा धाकटा भाऊ कोइनेट म्हणाला. पण घेऊन गेला.

परत आला तो दारातच बसला. नोलारीने त्याच्या हातातला फोटो ओढून घेतला. मालक हसत होते आणि त्यांच्या मागे गवतात दोन गोल कान होते.

"येयो," सेनेवा आईला बिलगली, "हसतायत गं ते! त्यांना पत्ताच नव्हता."

"आणि आम्ही काय काय बोललो," काका पुटपुटला.

"मग आता ऊठ," नोलारी डोळे पुसत म्हणाली. "घरोघर जा नि दाखव. पाठीवरच का लागलं, ते बघू दे सगळ्यांना."

काका गेला. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायकांनी नोलारीला पुढे जागा करून दिली. सेनेवाने माझ्यात नवी फिल्म भरली आणि आईला कुंपणाशी उभं केलं.

"हस की गं येयो, जरा!"

"हसते. आधी माझ्या मागे काय आहे ते बघ."

मित्रांनो, कोणाचाही फोटो काढाल तेव्हा आधी त्याच्या पाठीमागे बघा. काही हललं तर ओरडा. मला ओरडता आलं नाही, तुम्हाला येतं.