गाडी किती वर्षं ठेवणार?

मयुरेशला साधा मिक्सर घ्यायचा असला तरी तो आधी त्यावर पीएचडी करतो. त्यामुळे नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हाच मी कोपरापासून हात जोडले होते. अखेर गाडी ठरली, काळा रंग ठरला. सुटलो बाई एकदाचे असं म्हणते आहे तोच शोरूममधल्या विक्रेत्याचा, ब्रेनरचा, मेल आला. गाडीचा रंग टिकावा म्हणून त्यावर सिरॅमिक कोटिंगचा पारदर्शक थर देऊन हवाय का? हवं असेल तर गाडी ताब्यात घ्यायच्या आधीच कळवा.

झालं! आमच्या घरात चहाबरोबर कोटिंग, जेवताना कोटिंग. हॅनोव्हरचा आमचा मित्र सुमित गाड्यांच्या कंपनीतच इंजिनियर आहे. तो फोनवर म्हणाला, "अरे, हल्लीचा रंग काही लेचापेचा नसतो. हाताने धू, अधूनमधून मेण लाव, संपलं!" पण जर्मनीतल्या या वाल्डॉर्फमध्ये आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, दारात बादली घेऊन गाडी धुवायला लागलो तर शेजारी तक्रार करतील. मयुरेशच्या ऑफिसातला एकजण म्हणाला, काळी गाडी आणि तुमच्या पार्किंगवर लिंडनचं झाड, पस्तावशील. त्या झाडाचा चिकट रस उन्हाळाभर खालच्या गाड्यांवर गळत असतो, हे खरंच होतं. मयुरेशचं मत दिवसातून दोनदा फिरायचं.

माझे सासरे, पद्माकरबाबा, तेव्हा चिंचवडहून आमच्याकडे आलेले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "लोणच्यावर तेल ओततो तसंच की हे. लोणचं लगेच संपवायचं असेल तर कशाला ओता?"

आम्ही हसलो. बाबांबरोबर हसणं सोपं आहे, अवघड ते बोलणं. सासूबाई गेल्या तेव्हा मयुरेशने त्यांना शब्द दिला होता, "अन्वीची चौथी झाली की आम्ही परत येतो, बाबा." इथे चौथीनंतर मुलांची शाळा बदलते, म्हणजे निघायला तीच वेळ बरी. आमची लेक तेव्हा पहिलीत होती. आता तिची तिसरी संपत आली होती. बाबांनी या खेपेला एकदाही विषय काढला नाही. मयुरेशनेही नाही आणि मीही नाही. आम्हा नवरा-बायकोतसुद्धा तो विषय निघायचा बंद झाला होता.

आईवडील आले की इथल्या सगळ्या मराठी घरांत एक सोय असते. त्यांच्या कानावर जायला नको ते जर्मनमध्ये बोलायचं. बाबांच्या गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाला, तिकिटाला किती पडले, अन्वीचं आणि माझं काय वाजलं, सगळं त्यांच्या समोरच, आमटी वाढता वाढता. पाहुण्याला कळत नाही आणि आपल्याला उठून आत जावं लागत नाही. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

शनिवारी आम्ही सगळेच शोरूमला गेलो. अन्वी लगेच तिथल्या एका लाल गाडीत शिरून स्टिअरिंग फिरवायला लागली. बाबा आमच्याबरोबर टेबलाशी बसले. ब्रेनरने कॉफी आणि बिस्किटं आणून ठेवली. माणूस भला निघाला. कोटिंग गळ्यात मारायला बघेल म्हणून मी कंबर कसून आले होते, पण त्याने सरळ विचारलं, "तुम्ही गाडी किती वर्षं ठेवणार? एक-दोन वर्षांत विकायची असेल तर मीच सांगतो, करू नका. बरीच वर्षं वापरायची असेल तर विचार करा."

प्रश्न जर्मनमध्ये होता. मयुरेशने उत्तरही जर्मनमध्ये दिलं, क्षणाचाही विचार न करता.

"आख्ट यारे. निदान."

आठ वर्षं. मिक्सर घेताना पंधरा दिवस घालवणाऱ्या माणसाला हे उत्तर द्यायला एक श्वासही लागला नाही. म्हणजे ते कधीचं तयार होतं. मला आधी त्याचा राग आला, आणि मग माझी नजर बाबांकडे गेली.

बाबांना जर्मन येत नाही. येतात ते एवढे दोनच शब्द. रोज संध्याकाळी ते अन्वीला खेळायला नेतात, आणि बाकावरच्या आज्या त्यांना नातीचं वय विचारतात. बाबा मोठ्या अभिमानाने सांगतात, "आख्ट यारे!" घरी येऊन मला सांगतात, आज पण जर्मन बोललो बरं का.

आणि गाडी किती वर्षं ठेवणार हा प्रश्न तर लोणच्याच्या निमित्ताने त्यांनीच आधी काढला होता. बाबांनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. त्यांचा चेहरा तसाच होता, हसरा, पाहुण्यासारखा. मला वाटलं आत्ताच्या आत्ता ही खुर्ची मला घेऊन जमिनीत जावी.

"आणि तुम्ही?" ब्रेनरने मला विचारलं. "तुमचंही तेच मत?"

मला 'एक वर्ष' म्हणायचं होतं. बाबांना ते कळलं नसतं, पण मला म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं, कारण ते खोटं होतं. माझी नोकरी नुकतीच पक्की झाली होती. अन्वी झोपेत जर्मन बडबडते. मी ब्रेनरकडे बघून म्हणाले, "गेनाऊ." अगदी बरोबर.

मयुरेशच्या काहीच लक्षात आलं नव्हतं. तो वडिलांकडे वळून खुशीत म्हणाला, "मग बाबा, काय करू या? लावू या का कोटिंग?"

"लाव," बाबा म्हणाले. "आठ वर्षं ठेवायची म्हणतोयस, तर लावलेलं बरं."

मयुरेशचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, ते... म्हणजे गाडीचं आयुष्य तेवढं असतं, म्हणून मी..."

"हो रे. गाडीचंच म्हणतोय मी पण."

मयुरेशने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? आमच्याकडे आता कुठलीच भाषा शिल्लक नव्हती. ब्रेनर तिघांकडे आळीपाळीने बघत होता, आपलं काही चुकलं का म्हणून. बाबांनीच त्याला मान डोलावून होकार दिला, आणि त्या भल्या माणसाने कॉम्प्युटरवर कोटिंगची खूण केली.

तो कागद आणायला उठला तेव्हा बाबा माझ्याकडे झुकले. आवाज नेहमीचाच होता.

"निशी, अन्वीला पाचवीला इथे कुठल्या शाळेत घालणार?"

शाळेचं नाव मला तोंडपाठ होतं. मी ते सांगितलं, आणि मग मला रडू आवरेना.