गिरीशचा ‘हो’

नाटकं बंद, सिनेमे बंद, मैफली बंद, आणि आमची कन्या या सगळ्याच्या धंद्याचा अभ्यास करायला जर्मनीला निघाली होती. २०२०च्या उन्हाळ्यात मी हे ज्याला त्याला सांगून हसवत असे. बिझनेस आणि क्रिएटिव्ह इंडस्ट्रीज असं त्या पदवीचं लांबलचक नाव. नाटक कंपनी चालते कशी, प्रकाशक पुस्तक काढताना कसला हिशेब करतो, वाद्यवृंदाचे करार कोण करतं, हे सगळं लाइपझिगला जाऊन शिकायचं, तेही जर्मनमधून. मी इथे आयर्लंडमध्ये, टॅलाच्या हॉस्पिटलमध्ये लहान मुलांची डॉक्टर. शिक्षणाच्या शेवटी माणसाला औषध लिहिता आलं पाहिजे, अशी माझी सरळ समजूत. लेकीला, पूर्वीला, तसं म्हटलं की ती आयरिश हेलात म्हणायची, “यू’र ग्रँड, आई.” म्हणजे गप्प बस.

तिला जर्मन शिकवत होता माझा नवरा, गिरीश. पुण्यात कॉलेजात असताना त्यानं मॅक्स म्युलर भवनात जाऊन जर्मन घासलं होतं, कारण त्याला तिकडे जाऊन पोस्टरं करायची होती. मग सॉफ्टवेअरची नोकरी आली, मग मी, मग आयर्लंड. बॉल्सब्रिजच्या ऑफिसात त्याला कुणी कधी जर्मन विचारलं नाही. लॉकडाउन लागला, ऑफिस घरी आलं, पूर्वीची शाळेची शेवटची परीक्षा सरकारनं रद्द केली, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बापलेकीचा वर्ग भरायला लागला.

आमच्या घरात आम्ही मराठीत विचारायचं आणि पूर्वीनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे ती बोलायला लागल्यापासून चालत आलेलं. जर्मनमध्ये मात्र बाप आणि लेक दोघंही अडखळायची, त्यामुळे बरोबरीचा मामला होता. मी हॉस्पिटलमधून यायची ती थेट लहान खोलीत. माझं ताट दाराशी ठेवलं जायचं. भिंतीपलीकडे ती दोघं हसताना ऐकू यायची आणि मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

एकदा त्यांचं ‘हो’ या शब्दावरून वाजलं. आपण मराठी माणसं नकाराच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणतो तेव्हा त्या नकारालाच मान डोलावतो. भूक नाही ना? हो. म्हणजे भूक नाही. इंग्रजीत तिथे ‘येस’ म्हटलं की ताट वाढून समोर येतं. गिरीशनं हे स्वतः भोगलं होतं. इथल्या पहिल्याच ख्रिसमसला ऑफिसातल्या एकानं त्याला विचारलं, तू पार्टीला येणार नाहीस ना? हा बिनदिक्कत ‘येस’ म्हणाला. तिकडे त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवली, ताटात टर्की वाढली, आणि हा घरी माझ्यासमोर बसून वरणभात खात होता. पूर्वीला ही गोष्ट तोंडपाठ होती, तरी ती दर वेळी हसायची. जर्मन लोक शहाणे, गिरीश म्हणाला. त्यांनी या घोळासाठी वेगळा शब्दच करून ठेवलाय, ‘डॉख’. कुणी ‘नाही ना?’ असं विचारलं आणि आपलं उत्तर ‘आहे’ असलं, की डॉख म्हणायचं. आपलं ‘आहे की!’ मधलं ‘की’ म्हण ना. पूर्वी दिवसभर मला डॉख डॉख करून भंडावत राहिली.

ऑक्टोबरात ती गेली. पहिले काही आठवडे वर्गात बसली, मग तिकडेही सगळं बंद झालं आणि ती हॉस्टेलच्या खोलीत बसून, पडदा न उघडणाऱ्या थिएटरांचं अर्थशास्त्र लॅपटॉपवर शिकू लागली. ख्रिसमसला तिला येऊ नको म्हटलं. गिरीशच म्हणाला. एकदा इकडे आलीस आणि परत जाता आलं नाही तर काय करशील? इतकी धडपड करून गेलीयेस. मीही हो ला हो केलं.

जानेवारीत ते आमच्या घरी आलं. कुणी आणलं हे कळायला मार्ग नाही. मला वाटतं मी आणलं, आणि तसं मला कुणी विचारत नाही. मला दोन दिवस ताप आला आणि गेला. गिरीशला दम लागायला लागला. माझ्याच हॉस्पिटलमध्ये तो दाखल झाला आणि मी पॉझिटिव्ह म्हणून घरात कोंडलेली. आयुष्यभर लोकांच्या पोरांच्या छातीला नळी लावून ऐकलं, आणि नवऱ्याचा श्वास फोनमधून मोजत बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं व्हिडिओवर होतो. त्याच्या तोंडावर मास्क, आवाज मास्कच्या आतच राहत होता. पूर्वी रडत नव्हती. ती भराभर सांगत होती की विमान मिळतंय, आधी टेस्ट करावी लागेल, इकडे येऊन घरात कोंडून घ्यावं लागेल, हॉस्पिटलमध्ये कुणी सोडणार नाही हेही तिला ठाऊक आहे. मग थांबली आणि तिनं विचारलं, “यू डोन्ट वॉन्ट मी टू कम होम, डू यू, बाबा?”

मी घरी यायला नकोय ना तुला, असं.

गिरीश म्हणाला, “हो.”

नंतर नर्स आली आणि फोन बंद झाला. पूर्वीनं मला लगेच मेसेज केला की बाबा नको म्हणतोय, मी थांबते, उद्या परत बोलू. मलाही तसंच वाटलं. ख्रिसमसला त्यानंच तर अडवलं होतं.

संध्याकाळी त्याचा मला एकटीला फोन आला. आवाज पार खोल गेला होता. त्यानं विचारलं, “पूर्वी निघाली का?”

तेव्हा कुठे मला कळलं. वीस वर्षं या देशात राहून तो इथल्यासारखं उत्तर द्यायला शिकला होता. इंग्रजी प्रश्नाला त्यानं इंग्रजी रीतीनं उत्तर दिलं होतं, शब्द तेवढा मराठी. त्याचं ‘हो’ म्हणजे ये. आणि पूर्वी, जिला आम्ही जन्मभर मराठी बोल म्हणून टोकलं, तिनं नेमका त्या दिवशी बाबाचा शब्द मराठी रीतीनं घेतला. दोघंही मायेनं एकमेकांच्या भाषेत गेले आणि त्यांची चुकामूक झाली.

मी म्हटलं, “निघालीय.”

“बरं,” तो म्हणाला. “भूक लागली असेल तिला.”

मी तिला लगेच कळवायला हवं होतं असं कुणीही म्हणेल. पण त्याचा ऑक्सिजन किती उतरलाय ते मला माहीत होतं. आज रात्री ते व्हेंटिलेटर लावणार हेही माहीत होतं, आणि पोर धावत आली तरी त्याच्या खोलीच्या दारापर्यंतसुद्धा पोचणार नाही. सकाळी सांगू, असं मी ठरवलं. सकाळी तो बेशुद्धच होता. ते ऐकून पूर्वीनं तिकडे टेस्ट दिली. रिपोर्ट यायच्या आत गिरीश गेला.

ती आली ती अंत्यविधीला. दहा माणसांची परवानगी होती. पुण्याहून माझ्या सासूबाई वासंती आणि बाकी सगळे कॅमेऱ्यातून बघत होते. नंतर पूर्वी तिच्या खोलीत गेली आणि तिथेच राहिली. तिचे वर्ग लॅपटॉपवर चालू होते, पण तिनं तो उघडला नाही. मार्चमध्ये मला म्हणाली की पदवी सोडतेय, इथेच काहीतरी बघीन. मी भांडले, लाडीगोडी लावली, शेवटी गप्प बसले. पोरगी जेवायची नाही. रात्री तिच्या खोलीतला दिवा बंद व्हायचा नाही.

एका सकाळी मी प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, कप काढत होते. ती मागे येऊन उभी राहिली आणि मराठीत बोलली. एकेक शब्द शोधून काढत होती.

“आई, बाबाला मी यायला पाहिजे होती का?”

मी वळले नाही. वळले असते तर माझ्या तोंडावरून तिनं ओळखलं असतं.

“नाही,” मी म्हटलं. “तू विचारलंस, येऊ नको ना, आणि तो हो म्हणाला. हो म्हणजे नको.”

“यायला पाहिजे असतं तर तो डॉख म्हणाला असता,” ती म्हणाली. “त्यानंच शिकवलं मला.”

“म्हणालाच असता.”

ती तिथेच खाली बसली आणि रडली. गिरीश गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. एवढ्या महिन्यांचा तिचा जीव माझ्या एका शब्दावर टांगलेला होता, आणि मी तो शब्द दिला. पुन्हा विचारलं तर पुन्हा देईन. त्या दिवशी ती पोटभर जेवली. एप्रिलमध्ये लाइपझिगला परत गेली.

आता ती बरी आहे. सप्टेंबरात गिरीशचा वाढदिवस होता तेव्हा सगळे व्हिडिओवर जमलो. पूर्वीनं आजीला सांगितलं की ती आता एका छोट्या बाहुल्यांच्या थिएटरात काम शिकतेय, त्यांचा पडदा उघडला. मग म्हणाली की हे सगळं बाबामुळे, कारण शेवटच्या फोनवर त्यानंच सांगितलं, येऊ नकोस, तिथेच राहा. हे ती आता सगळ्यांना सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा उजळतो.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “माझा गिरीश तसलाच,” त्या म्हणाल्या. “कधी स्वतःसाठी कुणाकडे काही मागितलं नाही त्यानं. हो ना गं?”

मागितलं होतं. एकदाच मागितलं होतं, लेकीनं यावं एवढंच, आणि माझ्याकडे.

“हो,” मी म्हटलं.